मोटारगाडीत जाणारे काड, वाख आणि भंगार



शेतकरी मेळाव्यांत व चर्चासत्रांत अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. अंबाडीचा वाख, गव्हाचे काड, नारळाचा काथ्या, सोयाबीनचे तेल यांपासून परदेशात मोटारीचे भाग बनवितात असे आपण वाचता. मग या मालाची लागवड वा साठवण आपण करावी काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही, कारण मोटारीच्या कारखान्यात टाकाऊ माल कसा जातो, किती जातो आणि कोणत्या अटींवर जातो हे समजल्याखेरीज लागवडीचा निर्णय घेणे धोक्याचे ठरते. शिवाय या विषयाची दुसरी बाजू आपल्याच अंगणात पडून असते. जुनी बॅटरी, झिजलेले टायर, जळके ऑईल आणि गोठ्यामागे गंजत पडलेली जीप ही ती बाजू होय. या लेखात दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

गाडी कशाची बनते?

साध्या मोटारगाडीच्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग लोखंड व पोलादाचा असतो. उरलेल्यात ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक, रबर, काच, तांब्याच्या तारा, बॅटरीतील शिसे, तेले आणि आसनांचा फोम व कापड येते. गाडी मोडीत निघाली की यांपैकी काही भाग जसाच्या तसा दुसऱ्या गाडीला लागतो, काही माल वितळवून पुन्हा घडविता येतो आणि काही मालाचे पुढे काहीच करता येत नाही.

जसेच्या तसे वापरणे आपल्याला नवे नाही. उसाच्या फडातून कारखान्यापर्यंत जाणारी टायरची बैलगाडी पाहा. जुन्या वाहनाचा आस, बेअरिंगची चाके आणि हवेची टायरे लाकडी गाडीला आल्यापासून तेवढ्याच ओढीत बैल पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त ऊस नेऊ लागले. फ्रान्समधील रेनॉ या मोटार कंपनीने हेच काम कारखान्याच्या पातळीवर १९४९ पासून केले आहे. पॅरिसजवळच्या श्वाझी-ल-र्वा येथील कारखान्यात जुनी इंजिने व गिअरबॉक्स पूर्ण खोलून, धुऊन, झिजलेले भाग बदलून पुन्हा विक्रीस काढली जात. आपल्या तालुक्याच्या गावी बोअर करून देणारा मेस्त्री वेगळे काही करीत नाही. फरक आहे तो मोजमापाच्या काटेकोरपणाचा आणि हमीचा.

भंगार लोखंड व भेसळीचा प्रश्न

महाराष्ट्रात जालना हे पोलादी सळ्यांचे मोठे केंद्र आहे. तेथील विजेच्या भट्ट्यांत भंगार लोखंड वितळवून त्याचे ठोकळे व पुढे बांधकामाच्या सळ्या तयार करतात. म्हणजे एके काळी रस्त्यावर धावणारी गाडी आपल्या घराच्या स्लॅबमध्ये किंवा विहिरीच्या बांधकामात येऊन बसलेली असू शकते.

येथे मनात शंका येईल. गाडीचे पोलाद वितळवून त्याची पुन्हा गाडीच का करीत नाहीत? याचे मुख्य कारण तांबे. गाडीत विजेच्या तारांचे जाळे असते, छोट्या-मोठ्या मोटारी असतात. गाडी दाबून तिचे तुकडे केले की तांब्याचे बारीक कण लोखंडात मिसळतात. भट्टीत कार्बन, सिलिकॉन, फॉस्फरस असे घटक जाळून वा मळीत ओढून कमी करता येतात. तांबे मात्र नेहमीच्या भट्टीत निघत नाही, ते पोलादातच राहते. असे पोलाद तापवून लाटताना त्याच्या पृष्ठभागाला चिरा पडतात. सळईत शेकडा ०.४ पर्यंत तांबे चालून जाते. गाडीच्या दरवाजाचा किंवा बॉनेटचा खोलगट पत्रा ओढायचा असेल तर हे प्रमाण शेकडा ०.०६ च्या आसपासच ठेवावे लागते.

बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्यांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. पायाभूत बियाण्याच्या प्लॉटमध्ये वेळीच भेसळ उपटली नाही, तर तो माल प्रमाणित बियाणे म्हणून जात नाही, धान्य म्हणून बाजारात जातो. माल वाया गेला असे नाही, पण दर्जा एक पायरी खाली उतरला. भंगाराचेही तसेच होते. वेगळे करण्याचे काम मिसळण्यापूर्वीच करावे लागते. म्हणून चांगल्या भंगार केंद्रात गाडी चेपण्यापूर्वी बॅटरी, तेले, टायर, तारा, काच हे सारे हाताने काढून घेतात. हे काम वेळखाऊ आहे, आणि मजुरी परवडत नाही या सबबीखाली नेमके तेच टाळले जाते.

ॲल्युमिनियमचे गणित अधिक फायद्याचे आहे. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम काढण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत जुने ॲल्युमिनियम वितळते. त्यामुळे ॲल्युमिनियमचे भंगार सहसा कोणी टाकत नाही. इंजिनाचे ओतीव भाग मोठ्या प्रमाणावर जुन्या ॲल्युमिनियमपासूनच बनतात.

गूळ आणि भाकरी

प्लॅस्टिकच्या बाबतीत एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा. काही प्लॅस्टिके गुळासारखी असतात. गुळाची ढेप तापविली की पातळ होते, थंड केली की पुन्हा घट्ट होते. हे कितीही वेळा करा. गाडीचा बंपर, बॅटरीची पेटी, आतील कप्पे बहुधा पॉलिप्रॉपिलीन या अशाच प्लॅस्टिकचे असतात. दुसऱ्या प्रकारची प्लॅस्टिके भाकरीसारखी असतात. एकदा भाजली की तिचे पुन्हा पीठ होत नाही. जास्त तापविली तर करपते. बेकेलाईटची जुनी काळी बटणे याच जातीची. टायरचेही तेच. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली. त्या रीतीने रबराचे धागे एकमेकांशी कायमचे जखडले जातात, म्हणून झिजलेला टायर वितळवून नवा टायर ओतता येत नाही.

हा फरक न ओळखल्यास काय होते, याचे बोलके उदाहरण म्हणजे पूर्व जर्मनीची ट्रॅबंट ही गाडी. १९५७ ते १९९१ या काळात त्स्विकाऊ या गावी अशा सुमारे ३० लाख गाड्या तयार झाल्या. त्या देशाला दुसऱ्या महायुद्धानंतर गाडीचा पातळ पत्रा मिळणे कठीण झाले होते. मग तेथील तंत्रज्ञांनी सोव्हिएत युनियनमधून येणारा टाकाऊ कापूस घेतला, त्यात फिनॉल जातीची राळ मिसळली आणि गरम साच्यात दाबून बॉनेट, छत, दरवाजे यांचे बाह्यभाग तयार केले. आतला सांगाडा पोलादाचाच होता. या मालाला त्यांनी ड्युरोप्लास्ट असे नाव दिले. गिरणीत निरुपयोगी ठरलेला आखूड कापूस लाखो गाड्यांच्या अंगावर चढला, तो गंजत नव्हता आणि वजनालाही हलका होता. कापूस उत्पादकाला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट.

पण पुढचा भाग कोणी विचारात घेतला नव्हता. ड्युरोप्लास्ट हा भाकरीच्या जातीचा. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली, लोक दुसऱ्या गाड्या घेऊ लागले आणि लाखो ट्रॅबंट बेवारस झाल्या. लोखंड भंगारात गेले, परंतु कापसाचे ते बाह्यभाग वितळेनात, कुजेनात आणि जाळले तर विषारी धूर निघे. टाकाऊ मालापासून बनलेली वस्तू पुढे स्वतः टाकाऊ झाल्यावर पुन्हा उपयोगी पडेलच असे नाही. आजही एखाद्या वस्तूवर हिरवे पान छापलेले असले तरी हा प्रश्न विचारावयास हरकत नाही.

हेन्री फोर्ड व सोयाबीन

शेतमालातून गाडी बनविण्याची कल्पना सर्वांत जोराने मांडली ती हेन्री फोर्ड यांनी. ते स्वतः अमेरिकेतील मिशिगन राज्यातील शेतकऱ्याचे चिरंजीव. १९३० च्या मंदीत तेथील शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा शेतकऱ्याने कारखान्याला कच्चा माल पुरवावा आणि कारखान्याने शेतकऱ्याला गाडी विकावी असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी सोयाबीनवर प्रयोगशाळा चालविली. १९३० च्या दशकाच्या मध्यास फोर्डच्या प्रत्येक गाडीमागे सुमारे एक बुशेल, म्हणजे २७ किलो सोयाबीन खर्च होत असे. तेल रंगात जाई आणि पेंडीपासून भोंग्याचे बटण, गिअरची मूठ असे छोटे साच्यातील भाग बनत.

ऑगस्ट १९४१ मध्ये डिअरबॉर्न येथे त्यांनी संपूर्ण प्लॅस्टिकच्या बाह्यभागांची गाडी लोकांपुढे आणली. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर १४ भाग बसविलेले होते. तिचे वजन सुमारे ९०० किलो होते, म्हणजे त्या काळच्या पोलादी गाडीपेक्षा जवळजवळ साडेचारशे किलोने कमी. हे भाग नेमके कशाचे होते याची लेखी कृती शिल्लक राहिली नाही. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिका युद्धात उतरली, गाड्यांचे उत्पादन थांबले आणि युद्धानंतर स्वस्त खनिज तेलापासून प्लॅस्टिक मुबलक मिळू लागले. सोयाबीनची गाडी एकच बनली, तीही पुढे मोडून टाकली गेली.

हेन्री फोर्ड यांचा दुसरा एक उद्योग मात्र टिकला, आणि माझ्या मते तो शेतकऱ्याला अधिक शिकविणारा आहे. गाडीच्या लाकडी भागांसाठी मिशिगनमध्ये त्यांची कापगिरणी होती. तेथील भुसा व फळकुटे यांचे ढीग साचत. त्यांचा कोळसा करून, खळ घालून, दाबून जळणाच्या वड्या बनविल्या आणि त्या फोर्डच्याच विक्रेत्यांमार्फत विकल्या. मोटारीचे बाह्यभाग बनविण्यापेक्षा जळणाच्या वड्या बनविणे कमी झोकदार दिसते, परंतु गिऱ्हाईक दारात होते आणि वाहतूक थोडी होती.

आजच्या गाड्यांतील शेतमाल

फोर्ड कंपनीने २००८ सालच्या मस्टँग गाडीपासून आसनांच्या फोममध्ये खनिज तेलापासून बनणाऱ्या घटकाचा काही भाग सोयाबीन तेलातून घेण्यास सुरुवात केली आणि २०११ पर्यंत उत्तर अमेरिकेतील आपल्या सर्व गाड्यांत तो फोम आणला. २०१० च्या फोर्ड फ्लेक्स गाडीत मागच्या आसनाजवळील कप्प्यासाठी पॉलिप्रॉपिलीनमध्ये शेकडा २० गव्हाचे काड दळून मिसळले. हे काम कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या साहाय्याने झाले व काड तेथीलच ऑन्टारिओ प्रांतातील शेतांतले होते. मर्सिडीजने २००४ च्या सुमारास एका छोट्या गाडीच्या तळाशी, जादा चाकाच्या खळग्याच्या आच्छादनात फिलिपाईन्समधील अबाका धागा वापरला. अबाका हा केळीचाच भाऊबंद. मात्र त्याचा धागा आपल्या खाण्याच्या केळीच्या धाग्यापेक्षा बळकट असतो, हे जळगावकडील बागायतदारांनी ध्यानात घ्यावे.

भाताचे तूस जाळून उरणाऱ्या राखेपासून सिलिका काढून ती टायरमध्ये घालण्याची घोषणा गुडइयर कंपनीने २०१४ मध्ये केली. १०० किलो भातापासून सुमारे २० किलो तूस निघते, त्याची सुमारे ४ किलो राख होते आणि त्या राखेत बहुतांश सिलिकाच असते. एरवी ही राख भातगिरणीच्या मागे वाऱ्याने उडत असते. त्या दृष्टीने हा उपयोग मला सर्वांत पटतो, कारण तुसाची उष्णताही वापरली जाते आणि राखही.

काथ्याची कथा जुनी आहे. पूर्वीच्या फोक्सवॅगन गाड्यांच्या आसनांत रबराच्या चिकाने बांधलेला काथ्या असे. ब्राझीलमध्ये १९९० च्या दशकात बेलेम येथील विद्यापीठ व मर्सिडीज यांनी मिळून याच मालाच्या उशा व आसने बनविण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तेथील विशेष असा की नारळाच्या सोडणापासून धागा काढण्याचे काम छोट्या शेतकऱ्यांच्या सहकारी गटांकडे ठेवले. कारखान्याला सोडण न देता तयार धागा दिला, म्हणून मिळकतीचा थोडा भाग गावात राहिला.

अंबाडी : आपला मुख्य प्रश्न

आता अंबाडीकडे वळू. बीएमडब्ल्यूच्या २०१३ च्या आय-३ या विजेवर चालणाऱ्या गाडीत दरवाजाच्या आतील बाजूस केनाफचा धागा उघडा दिसेल असा वापरला आहे. केनाफ म्हणजे कोणते अपूर्व पीक नव्हे. मराठवाडा-विदर्भात तूर-ज्वारीच्या कडेने घेतली जाणारी, दावी-कासऱ्यासाठी वाख देणारी आपली अंबाडीच. लाल बोंडांची भाजीची अंबाडी ही तिची बहीण.

दरवाजाचा भाग बनविण्याची रीत समजून घ्या, म्हणजे मालाच्या अटी का असतात ते कळेल. वाख व पॉलिप्रॉपिलीनचे धागे जवळजवळ सारख्या वजनाने मिसळून सुयांनी टोचून गादीसारखा थर करतात. हा थर तापविला की सुमारे १६५ अंश सेल्सिअसला पॉलिप्रॉपिलीन वितळते, वाखाला धरून बसते आणि साच्यात दाबले की कडक पाटा तयार होतो. तापमान २०० अंशांच्या वर गेले तर वाख करपू लागतो. म्हणजे काम करण्यास वाव फार थोडा असतो. वाखात ओल जास्त असली तर वाफ कोंडून पाटा फुगतो. भिजत घालण्यात कमी-जास्त झाले असेल तर धाग्याचा रंग, बळ आणि वास बदलतो. बंद गाडीत उन्हात तो वास कोणीही सहन करणार नाही. एकाच गाडीसाठी वर्षानुवर्षे एकसारखा माल लागतो. दोराला जो वाख उत्तम, तो दरवाजाला चालेलच असे नाही.

युरोपात याच कामासाठी जवसाचा धागा मोठ्या प्रमाणावर वापरतात. विदर्भातील शेतकरी म्हणतील, जवस तर आमच्याकडेही आहे. पीक तेच, पण वाण वेगळे. आपले जवस तेलासाठी निवडलेले, बुटके व फांद्या फुटणारे; धाग्याचे जवस उंच व सरळ वाढणारे असते. तेलाच्या वाणाच्या काडापासून तशा दर्जाचा लांब धागा मिळत नाही.

हिशेब करून पाहा

वर्तमानपत्रातील बातमीत सहसा नसतो तो हिशेब आपण करू. फोर्डच्या म्हणण्याप्रमाणे काडाच्या त्या कप्प्यांमुळे वर्षाला २० हजार पौंड, म्हणजे सुमारे ९ टन खनिज तेल वाचत असे. काडाचे वजनही तेवढ्याच्या आसपास धरले तर बागायती गव्हाचे चार-पाच एकरांतील काड झाले. एका मध्यम शेतकऱ्याचे शेत! एवढ्याशा काडाने ऑन्टारिओतील काडाचा भाव हलला नसणार.

सोयाबीनचे पाहू. एका गाडीतील फोमसाठी सुमारे ३१ हजार दाणे लागतात असे ही कंपनी सांगते. आकडा मोठा वाटतो. आपल्या जे.एस. ३३५ या वाणाच्या १०० दाण्यांचे वजन साधारण १२ ग्रॅम धरले तर हे दाणे पावणेचार किलो भरतात. १० लाख गाड्यांना मिळून सुमारे ४,००० टन सोयाबीन लागेल. हेक्टरी १० क्विंटल उत्पादन धरले तर ४,००० हेक्टर क्षेत्र पुरे. महाराष्ट्रात सोयाबीन ४५ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर असते. तेव्हा मोटारीच्या मागणीवर सोयाबीनचा दर वाढेल अशी आशा कोणी दाखवीत असेल तर पाटी-पेन्सिल पुढे ठेवावी.

यावरून हा सर्व उद्योग पोकळ आहे असा अर्थ काढू नये. काडाचे, तुसाचे, सोडणाचे असे आहे की मुख्य पीक आपण घेणारच असतो. जोडमालाला जे मिळेल ते वरकड. अंबाडीची लागवड केवळ वाखासाठी सलग क्षेत्रावर करावयाची म्हणजे खरिपातील दुसरे पीक सोडावे लागते, भिजत घालण्यास दोन-तीन आठवडे साठलेले पाणी लागते आणि वाख काढण्याची मजुरी लागते. पावसाळ्याअखेर तळ्यात पाणी असले तरी कुजणाऱ्या अंबाडीमुळे ते गुरांना पिण्यास योग्य राहत नाही, हाही खर्चच समजावा.

म्हणून एखादी कंपनी वा दलाल बियाणे घेऊन आला, तर पुढील गोष्टी लेखी घेतल्याशिवाय पेरणी करू नये : वाखाचा दर कोणत्या प्रतीला, प्रत कोण ठरविणार, ओलीची मर्यादा किती, नाकारलेला माल कोणाचा, आणि वाहतूक कोणाची. खरेदी करणाऱ्याकडे गाडीचे भाग बनविणाऱ्या कारखान्याची मागणी आहे काय, तेही विचारावे. बियाण्याचे पैसे आगाऊ मागून खरेदीचे बोलणे तोंडी ठेवणारा मनुष्य बियाणे विकावयास आलेला असतो, वाख घ्यावयास नव्हे. पहिल्या वर्षी बांधाच्या कडेने दोन-चार ओळी घेऊन वाख काढून पाहावा. माल नाकारला गेला तरी घरच्या दाव्यांना तो उपयोगी पडेल.

गोठ्यामागची बॅटरी

आता दुसरी बाजू. गाडीच्या सर्व भागांत ज्याची पुनर्निर्मिती सर्वांत पूर्णपणे होऊ शकते, ती शिशाची बॅटरी. तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक शिसे असते आणि जुन्या शिशापासून नवे बॅटरीचे शिसे बनविता येते. तांब्यासारखी आडकाठी नाही. आणि गावात सर्वांत घातक ठरणारा भागही तोच.

जनावरांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवा. फुटलेल्या बॅटरीतील प्लेटांना खारट चव असते. गाई-म्हशी आणि विशेषतः वासरे त्या आवडीने चाटतात, तुकडे गिळतातही. जड तुकडे जाळीपोटात जाऊन बसतात व शिसे हळूहळू रक्तात उतरते. जनावर अचानक आंधळ्यासारखे वागते, दात खाते, भिंतीला डोके लावून उभे राहते, झटके येतात. सर्पदंश किंवा पिसाळल्याची शंका घेऊन वेळ दवडला जातो. अशी लक्षणे दिसल्यास पशुवैद्यकास ताबडतोब बोलवावे आणि जवळपास जुनी बॅटरी पडली होती काय ते आवर्जून सांगावे. बाधित जनावराच्या दुधातही शिसे उतरते, म्हणून पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय ते दूध घरात वा डेअरीत देऊ नये. माणसांत लहान मुलांना धोका अधिक. त्यांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो व तो भरून येत नाही.

चोपण जमिनीला आम्ल मानवते, तेव्हा बॅटरीचे पाणी अशा जमिनीत ओतले तर काय बिघडले, असे काही जण विचारतात. बिघडते ते असे. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते. बॅटरीतील गंधकाम्ल चुनखडीशी मिळून उदासीन होते, त्यापासून थोडा जिप्समही तयार होतो. पण त्या पाण्याबरोबर आलेले शिसे वरच्या थरातील मातीला घट्ट धरून बसते, पाण्याबरोबर खाली जात नाही, कुजत नाही. पुढे तेथे मेथी, पालक लावला तर पानांवर उडालेल्या मातीबरोबर ते ताटात येते. चोपण सुधारण्यास जिप्समच वापरावा.

बॅटरी भंगारवाल्यास देऊन चार पैसे जास्त मिळतात हे खरे. पण ती उघड्यावर फोडून चुलीसारख्या भट्टीत शिसे वितळविले जाते, तेव्हा धूर कोणाच्या तरी शेतावर उतरतोच. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराकडे जमा करून तिची रक्कम बिलात वजा करून घ्यावी. तोवर ती उभी, झाकलेली व गुरांपासून दूर ठेवावी.

टायरबाबत थोडक्यात. काही गुऱ्हाळांवर चुलाणाला टायर घालतात. त्याच्या धुरात गंधकाचे वायू व काजळी असते, राखेत जस्त राहते, आणि ती राख पुढे शेणखतात जाते. चिपाड कमी पडते ही अडचण खरी असली तरी खाण्याच्या पदार्थाखाली टायर जाळणे समर्थनीय नाही. टायरची गव्हाण करणाऱ्यांनी कडांतून तार बाहेर आलेली नाही ना हे पाहावे. ही तार पोटात गेल्यास खिळ्यासारखीच इजा करते. पाणी साचलेल्या टायरात डेंग्यूचे डास वाढतात. जळके ऑईल गोचिडांसाठी जनावरांच्या अंगाला चोळू नये, कारण जनावर अंग चाटते. ते डब्यात साठवून सर्व्हिस सेंटरला द्यावे. शुद्ध करून त्यापासून पुन्हा वंगण तेल बनते.

जीप मोडीत काढताना

युरोपीय संघाने २००० साली केलेल्या कायद्यानुसार २०१५ पासून मोडीत निघालेल्या गाडीच्या वजनाचा ९५ टक्के भाग परत उपयोगात आणणे बंधनकारक आहे. आपल्याकडे नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रांचे नियम २०२१ मध्ये आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून आयुर्मान संपलेल्या वाहनांचे नवे पर्यावरण नियम लागू झाले. या नव्या नियमांतून शेतीचे ट्रॅक्टर, ट्रेलर, कंबाईन हार्वेस्टर व पॉवर टिलर वगळले आहेत. जीप, पिकअप, मोटारसायकल यांना मात्र ते लागू आहेत.

जीप भंगार केंद्रात देण्यापूर्वी नोंदणी पुस्तकावर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर तो उतरवून घ्यावा. कर्ज फिटूनही बोजा तसाच राहिल्याची उदाहरणे सात-बाराप्रमाणे येथेही आढळतात. केंद्र गाडी ताब्यात घेऊन जमा प्रमाणपत्र देते. नवे वाहन घेताना त्यावर नोंदणी शुल्क माफ होते व राज्याच्या नियमाप्रमाणे मोटार वाहन करात सवलत मिळते. गावातील भंगारवाल्यास वजनावर गाडी विकली तर हे काहीच मिळत नाही. शिवाय नोंदणी आपल्या नावावर राहते आणि तिची पाटी दुसऱ्या गाडीला लावून कोणी गुन्हा केला तर पोलीस आपल्या दारात येतात.

ट्रॅक्टर नव्या नियमांतून वगळला असला तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मधून तो सुटत नाही. वाहन कायमचे निकामी झाल्यास मालकाने १४ दिवसांत परिवहन कार्यालयास कळवून नोंदणी पुस्तक जमा करावयाचे असते. ट्रॅक्टर सुटे भाग करून विकताना खरेदीदाराची सही, तारीख व चासी क्रमांक असलेली पावती करून घ्यावी, चासी क्रमांक कोरलेल्या भागाचा फोटो काढून ठेवावा आणि पोच घेऊनच अर्ज कार्यालयात द्यावा. ऑईल, डिझेल व बॅटरी यंत्र उचलून नेण्यापूर्वी आपल्या देखत काढून घ्यावीत.